पत्रकावरचे पीएस आणि टॉर्क: घाटात काय कामाला येतं

ट्रकच्या पत्रकावर पीएसचा, म्हणजे अश्वशक्तीचा, आकडा ठळक छापलेला असतो. माल भरून कसारा किंवा खंबाटकी चढायची असेल, तर त्याच्या शेजारचं बारीक अक्षर आधी वाचा: ही ताकद किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांना) मिळते?

टॉर्क म्हणजे क्रँकवरचा, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावरचा पीळ, एनएममध्ये (न्यूटन-मीटर). टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२३ ने भागलं की पीएस येतात. १०० पीएसची दोन इंजिनं घ्या. डिझेल ही ताकद २८०० आरपीएमला देत असेल, तर तिथे टॉर्क २५१ एनएम. पेट्रोल ५५०० ला देत असेल, तर १२८. पेट्रोलला त्या मानाने गिअर दिले तर त्या ताकदीवर चाकाशी ओढ सारखीच येते, म्हणून ‘पेट्रोल ओढत नाही’ हे अर्धंच खरं. खरा फरक आरपीएम पडल्यावर कळतो. मोठ्या ट्रकचं टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) साधारण १२०० ते १६०० आरपीएममध्ये पूर्ण टॉर्क देतं, त्यामुळे चढावर आरपीएमचा काटा खाली येताना पीळ वाढतो आणि गाडी धरून राहते. बिनटर्बो पेट्रोलचा जोर बहुधा ३५०० च्या पुढे असतो. २००० ला ते दम टाकतं.

आता हिशेब करा. गाडी भरून १६ टन, चढ वीसास एक, म्हणजे वीस मीटरला एक मीटर उंची. चढाची ओढ सुमारे ७८५० न्यूटन, टायरचा अडथळा १२५० च्या आसपास. ताशी ३० किमीने चढायला चाकाशी १०३ पीएस लागतात. गिअरबॉक्स आणि क्राऊनमध्ये (मागच्या अॅक्सलच्या गिअरमध्ये) १० ते १५ टक्के जातात, म्हणून इंजिनकडून १२० च्या घरात. ताशी ४० हवे असतील तर १६० धरा. चढाचा वेग पीएस ठरवतात. सारखे गिअर न बदलता तो टिकवणं टॉर्कवर आहे.

पायथ्याशीच खालचा गिअर टाका. काटा आरपीएम मीटरवरच्या हिरव्या पट्ट्याच्या तळाशी येण्याआधी आणखी एक गिअर उतरवा, अर्ध्या चढावर गाडी थांबायला आल्यावर नव्हे. वरच्या गिअरमध्ये ९००-१००० आरपीएमवर पाय पूर्ण दाबून ठेवणं डिझेलला सगळ्यांत वाईट: टर्बोची हवा अपुरी, काळा धूर, एक्झॉस्ट तापतो आणि बेअरिंगवरची ऑइलची फिल्म दबते. क्लच अर्धा दाबून गाडी ओढू नका, प्लेट जळते.

गाडी अचानक ओढेनाशी झाली तर इंजिन खोलायची घाई नको. एअर फिल्टर चोक आहे का, डिझेल फिल्टरच्या वाटीत पाणी साचलंय का, ते बघा. टर्बोच्या होजचे क्लॅम्प हाताने चाचपा. जोडाशी ऑइलचा ताजा ओघळ असेल तर हवा तिथून गळत असण्याची शक्यता मोठी. आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही? क्लच घसरतोय. चाकाचा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक धरून बसलाय.

उतारावर न्यूट्रल करूच नका. डिझेलला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल सहसा नसतो, म्हणून नुसता पाय काढून फारसा अटकाव मिळत नाही; एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनला रोखणारा) लावा. तो वरच्या आरपीएमला जास्त धरतो, पण काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. चाकांनी इंजिन त्यापुढे फिरवलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात, आणि तिथे गव्हर्नर (डिझेल कमी करून आरपीएम आवरणारा भाग) काही करू शकत नाही.