जुना सी प्रोग्राम नव्या जीसीसी कंपायलरवर अडकला तर वर एक ओळ टाका

निपाणीच्या भाच्याचा काल रात्री फोन, मामा लॅबात चालणारा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर कंपाईलच होईना, 'इम्प्लिसिट डिक्लेरेशन ऑफ फंक्शन' (म्हणजे फंक्शनची ओळख आधी दिलेलीच नाही) म्हणून एरर येतोय की. फंक्शन साधं एसटीआरडप (strdup, स्ट्रिंगची कॉपी करून देणारं), स्ट्रिंग हेडर घेतलेली, तरी रडगाणं. मेकफाईलमध्ये (कंपाईल कसं करायचं ते लिहिलेली फाईल) कुणीतरी सी99 स्टँडर्डचा फ्लॅग टाकला होता, त्यानं हेडरमधलं ते डिक्लेरेशन झाकलं जातं, आणि 2024 च्या जीसीसी 14 पासून जिथं आधी नुसती वॉर्निंग यायची तिथं आता सरळ एरर.

1. त्या फंक्शनचं मॅन पेज (लिनक्समधलं माहितीचं पान) उघडा, वरच 'फीचर टेस्ट मॅक्रो' (हेडरमधलं काय उघडं करायचं ते ठरवणारी नावं) लिहिलेले असतात, कुठला हवा ते तिथंच कळतं.
2. फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत, सगळ्या इन्क्लूडच्या वर, हॅश डिफाइननं तो मॅक्रो टाका. एसटीआरडपला पॉझिक्स सी सोर्सचा (_POSIX_C_SOURCE), किंमत 200809 आणि पुढं एल. एएसप्रिंटएफसारख्यांना जीएनयू सोर्सचा (_GNU_SOURCE). नावातले अंडरस्कोर जसेच्या तसे, अगदी सुरवातीचा पण. भाच्यानं आधी इन्क्लूडच्या खाली टाकला आणि परत फोन, मामा काय फरक पडला नाही!
3. फाईली ढीगभर असतील तर मेकफाईलमध्ये सीफ्लॅग्जला (कंपायलरच्या पर्यायांची ओळ) डॅश डी लावून तो मॅक्रो एकदाच द्या.

फक्त एरर दाबायचा फ्लॅग देऊन खुळ्यागत पुढं जाऊ नका, कंपायलर फंक्शन इंट देतं असं धरतो आणि 64 बिट मशीनवर पॉइंटर अर्धा कापला जातो, मग चालवताना सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावून प्रोग्राम मधेच बंद.