राजकीय स्टेन्सिल कशी करावी: मजकुरापासून रंग वाळेपर्यंत

सोलापुरी चादरीची नक्षी मागावरच्या जकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवर ठरते. जिथे भोक, तिथे ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो. स्टेन्सिलही तशीच चालते. शीटमध्ये कापलेल्या जागेतून रंग भिंतीवर उतरतो, बाकीची जागा कोरी राहते. एकदा नीट कापलेली शीट दहा भिंतींवर तेच चित्र, तोच मजकूर काही मिनिटांत उमटवते. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या चित्रकाराने १९८१ पासून भिंतींवर उंदरांच्या स्टेन्सिल उमटवल्या, पुढे ब्रिस्टलच्या बँक्सी या भित्तिचित्रकारामुळे ही रीत जगभर माहीत झाली. साहित्य स्वस्त आणि हात लवकर बसणारा, म्हणून ज्यांच्याकडे फ्लेक्स लावायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी हे माध्यम फार मोलाचं आहे.

आधी भिंत

मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा आहे. लेखी परवानगीशिवाय लोकांना दिसेल अशा जागी रंगवलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून घरमालकाचं किंवा संस्थेचं संमतीपत्र घ्या, ते जोडून महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज करा आणि अर्जासोबत चित्राची प्रत द्या. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर थांबा. सोलापुरातला भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर आणि तलावाचा परिसर, जुनी दगडी बांधकामं यांना हात लावू नका. दगडात मुरलेला रंग निघत नाही.

माझ्या मते परवानगीने संदेशाची धार कमी होत नाही. रात्रीत रंगवलेली भिंत सकाळी पुसली जाते. परवानगीची भिंत महिनोन् महिने बोलत राहते.

काय म्हणायचं

राजकीय म्हणजे पक्षाचं असं नव्हे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर शहरावर मार्शल लॉ (लष्करी अंमल) लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. त्या चार नावांच्या शहरात पाणी, विडी कामगारांची मजुरी, यंत्रमागावरच्या माणसांचे प्रश्न भिंतीवर यायलाच हवेत. प्रश्न मांडा. माणसाची बदनामी नको. जात किंवा धर्मावरून तेढ वाढेल असा शब्द तर अजिबात नको. तो गुन्हा आहेच, पण त्याआधी ते वाईट काम आहे.

मजकूर चार-पाच शब्दांत बसवा. उजनी धरण याच जिल्ह्यात, क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि शहरातल्या नळाला पाणी येतं काही दिवसांच्या अंतराने. यावर ‘धरण भरलं, घागर रिकामी’ एवढं पुरे. खाली नळ आणि आडवी पडलेली घागर. दुचाकीवरून जाणाऱ्याला तेवढं जाता जाता कळतं.

अक्षरं: खरं काम इथे आहे

शीट कापताना अक्षराचं बंद पोट, म्हणजे रेषांनी वेढलेली आतली जागा, सुटून खाली पडतं आणि तिथे रंगाचा डाग उरतो. ते धरून ठेवायला मध्ये न कापलेली पट्टी सोडतात, तिला पूल म्हणूया. इंग्रजी अक्षरांसाठी तयार साचे बाजारात मिळतात, देवनागरीचे पूल आपणच आखावे लागतात.

वरच्याच ‘धरण भरलं, घागर रिकामी’ या ओळीत पाहा. ‘ण’, ‘घ’, ‘म’ यांचं पोट शिरोरेषेमुळे बंद होतं. त्यामुळे शिरोरेषा सलग कापूच नका. प्रत्येक अक्षराच्या पोटावर ती चार-पाच मिलिमीटर तोडा, म्हणजे आतला तुकडा वरच्या शीटला धरून राहतो. दुसरा फायदा असा, की लांब फट पडत नाही आणि शीट लोंबत नाही. ‘क’, ‘व’, ‘ब’ यांच्या गोलाला मात्र वेगळा पूल द्यावा लागतो. वेलांटीचं टोक शिरोरेषेला टेकतं तिथेही पोट तयार होतं, तेही तोडा. अनुस्वार हे नुसतं भोक. सोपं आहे, म्हणूनच विसरलं जातं.

शहराच्या पूर्व भागात तेलुगू, इतर पेठांत कन्नड किंवा उर्दू मजकूर द्यायचा असेल तर ती भाषा घरी बोलणाऱ्याकडून कापण्याआधी वाचून घ्या. तेलुगू-कन्नड अक्षरं गोलाकार, त्यांना पूल जास्त लागतात.

उंचीचा ढोबळ हिशोब असा: दहा फुटांवरून वाचायचं तर एक इंच. तीस फूट रुंद रस्त्यापलीकडून वाचायला किमान तीन इंच, मी चार धरतो.

कापणं

जुनी एक्स-रे फिल्म उत्तम, नाहीतर प्लास्टिकचं फाइल कव्हर. फोटोवरून चित्र करायचं तर मोबाइलवर तो पूर्ण काळा-पांढरा करा, मधल्या छटा घालवा आणि झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घ्या. खाली काच ठेवा. बारीक आकार आधी, मोठे शेवटी, म्हणजे शीट ताठ राहते. वळणावर ब्लेड न फिरवता शीट फिरवा, आणि दुसरा हात ब्लेडच्या वाटेत ठेवू नका. पूल तुटला तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून पुन्हा कापा.

रंगवणं

भिंत ब्रशने झाडा. चुना हाताला लागत असेल तर आधी प्रायमर द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी काम काढू नका. तापलेल्या भिंतीवर रंग खरखरीत बसतो आणि उन्हात ठेवलेला स्प्रेचा डबा फुटू शकतो. सकाळी लवकर करा, मास्क आणि चष्मा लावून.

डबा मिनिटभर हलवा, आधी जुन्या पेपरवर मारून पाहा. धुळकट भिंतीवर टेप टिकत नाही, त्यामुळे शीट दाबून धरायला हातमोजे घातलेला जोडीदार हवा. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, सरळ समोरून, दोन-तीन हलके हात मारा. एकदाच जाड मारलं की रंग कडेखाली शिरतो आणि ओघळतो. स्प्रे परवडत नसेल तर जवळजवळ कोरड्या स्पंजाने रंग थोपटा. वेळ जास्त लागतो, पण कडा स्वच्छ येतात.

शीट सरळ मागे उचला, घसरवू नका. मागची बाजू पुसूनच पुढच्या भिंतीवर लावा. काम झाल्यावर फोटो काढून परवानगीच्या कागदासोबत ठेवा. मुदत संपली की भिंत मूळ रंगात रंगवून द्या, म्हणजे पुढच्या वेळी तोच घरमालक नाही म्हणणार नाही.