समुद्राची भीती घालवायची असेल तर सुरुवात सोलापुरातच करा

सोलापूरकराचा पाण्याशी संबंध म्हणजे नळाची पाळी, टँकर आणि ‘उजनी प्लसमध्ये आली का?’, म्हणजे धरणातलं पाणी मृतसाठ्याच्या वर गेलं का, ही चौकशी. त्यामुळे घरातलं कुणी मालवणला जाऊन घोट्याइतक्या पाण्यातच थांबलं, तर त्याला हसू नका. हात धरून ओढत तर अजिबात नेऊ नका. गावाकडे पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत ढकलतात. त्यातली काही पट्टीची पोहणारी होतात आणि काही जन्मभर पाण्याच्या वाटेला जात नाहीत.

समुद्राच्या भीतीत मोठा वाटा पायाखालचं न दिसण्याचा असतो, असं माझं मत. म्हणून किनाऱ्यावर उभं राहून धीर गोळा करण्यापेक्षा स्नॉर्केलिंग शिका. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं. खोल जायची गरज नाही, तळ दिसतो आणि मनाला घाबरण्याशिवाय दुसरं काम मिळतं. यातला अर्धा अभ्यास इथेच होतो.

पायरी १ : जलतरण तलाव

शहरातल्या कुठल्याही तलावावर प्रशिक्षकाला आधीच सांगा, ‘मला भीती वाटते, पोहण्याआधी तरंगायला शिकवा.’ छातीइतक्या पाण्यात काठ धरून तोंड बुडवा आणि तोंडाने हळूहळू बुडबुडे सोडा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, धडधड त्यानेच उतरते. भीतीला दहापैकी गुण द्यायची सवय लावा. आठ वाटत असेल तर तिथेच काठ धरून थांबा आणि चार-पाचवर आल्यावरच बाहेर या. भीती टिपेला असताना पळून आलात, तर पुढच्या वेळी ती तिथूनच सुरू होते.

पायरी २ : मास्क आणि नळी

मास्क विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप बरोबर. मिशीवाल्यांना इथे अडचण येते, कारण केसांतून पाणी झिरपतं. एक तर मिशी कातरा, नाही तर मास्कमधलं पाणी काढायला शिका. ते तसंही शिकायलाच हवं : मान वर करायची, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने जोरात श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. हे उथळ पाण्यात इतक्या वेळा करा की कंटाळा यावा. समुद्रात नाकाशी पाणी आलं की माणूस गडबडतो, आणि त्या वेळी हाताला सवय असली तरच निभावतं. काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची. किळस वाटली तरी उपाय चांगला आहे.

पायरी ३ : होडी

हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी बघायला होड्या जातात. लाटांशिवाय हलत्या पाण्याची सवय करायला ही जागा उत्तम. लाइफ जॅकेट नसेल तर मात्र बसू नका. मे २०२४मध्ये याच जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. मे २०२२मध्ये तारकर्लीलाही पर्यटकांची बोट उलटून माणसं दगावली. दोन्ही घटना महिन्याच्या उत्तरार्धातल्या, पावसाळा तोंडावर आलेला असतानाच्या. तेव्हाची भीती खरी असते, तिचं ऐकावं. शाळेला सुट्टी आहे म्हणून मे अखेरीस समुद्र गाठू नका. पावसाळ्यात तर नाहीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा.

पायरी ४ : दिवस निवडणे

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : त्या पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. पहिल्या खेपेला अष्टमीच्या आगेमागे जा. वेळेची खात्री तिथल्या होडीवाल्याकडून करून घ्या.

पायरी ५ : समुद्र

पहिल्या दिवशी पाण्यात शिरायची घाई नको. मालवण जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाऊन या. महाराजांनी १६६४मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला कुरटे बेटावर आहे आणि होडीचा प्रवास थोड्या मिनिटांचा. रिकाम्या पोटी बसू नका. कडक भाकरी चालेल, शेंगाचटणीवरचं तेल मात्र त्या दिवशी राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, वाटाड्याबरोबर लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करा. मिठामुळे समुद्राचं पाणी जड असतं, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यामुळे तुम्ही तलावापेक्षा सहज तरंगाल. पहिली दोन मिनिटं नुसते श्वास ऐका. मग खाली बघा.

विहिरीत सूर मारणाऱ्यांना एक वेगळी सूचना. किनाऱ्यावर दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधेच शांत पट्टा दिसतोय, तर तिथे उतरू नका, आत ओढणारा प्रवाह बहुधा तिथेच असतो. सापडलातच तर किनाऱ्याकडे झटापट न करता किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की वळा.

स्कूबा करावं का?

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं. लगेच नको, पण मन झालं तर तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) प्रशिक्षण केंद्र आहे. नवख्याला पोहता आलंच पाहिजे असं नाही, प्रशिक्षक सोबत असतो. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, साधी सर्दीसुद्धा लपवू नका. पाण्यात श्वास कधीही रोखायचा नाही आणि कान दुखायच्या आधीच नाक दाबून हवा कानांकडे ढकलायची. पाण्याखाली खुणांनीच बोलायचं : अंगठा वर केला तर ‘मस्त’ असा अर्थ होत नाही, ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

आणि घाटावरच्यांनी हे विसरू नये : स्कूबा केल्यावर लगेच गाडी काढून आंबोली किंवा गगनबावडा चढू नका. पाण्याखालच्या दाबाने रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, आणि घाटावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. उथळ डाइव्हनंतर धोका थोडा असतो, तरी ती रात्र मालवणलाच काढा आणि सोलापूरला दुसऱ्या दिवशी निघा.