ओरिजिनवरून ईए ॲपवर जाताना या चुका टाळा

ओरिजिन म्हणजे ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या गेम कंपनीचं, गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं जुनं ॲप. विंडोजवर ते १७ एप्रिल २०२५ला बंद झालं. मायक्रोसॉफ्टने ३२-बिट सॉफ्टवेअरचा सपोर्ट काढल्याचं कारण ईएने दिलं आणि ओरिजिनची जागा ६४-बिट ईए ॲपने घेतली. जुना लॅपटॉप बाजूला ठेवून आता नव्या पीसीवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: विकत घेतलेला गेम अकाउंटवर असतो, पण सेव्ह, म्हणजे तुमचा खेळ कुठवर आला ते साठवणारी फाइल, बऱ्याचदा पीसीच्या डिस्कवर असतो.

लायब्ररी रिकामी दिसली म्हणून गेम पुन्हा विकत घेणं. थांबा! बहुतेक वेळा लॉगिन दुसऱ्याच ईमेलने झालेलं असतं. खरेदीच्या पावतीचा ईमेल शोधा आणि तो ज्या पत्त्यावर आला होता, त्यानेच लॉगिन करा.

सेव्हचा बॅकअप न घेता जुना पीसी फॉरमॅट करणं. हे नुकसान भरून निघत नाही, म्हणून यावर जरा थांबतो. घर आणि कुटुंब उभं करायच्या सिम्स ४ या ईएच्या गेमचं उदाहरण घ्या. त्याचे सेव्ह गेमच्या फोल्डरमध्ये नसतात. ते डॉक्युमेंट्समध्ये, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या आत 'द सिम्स ४' या फोल्डरमध्ये असतात. सेव्ह, ट्रे (साठवलेली घरं आणि कुटुंबं) आणि मॉड्स (गेममध्ये वरून टाकलेले बदल) हे तिन्ही फोल्डर उचला. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) चालू असेल तर पीसीवर दोन डॉक्युमेंट्स असू शकतात, एक साधं आणि एक वनड्राइव्हमधलं. भाचीचा पीसी बदलताना मी घाईत चुकीचं उचललं. नव्या पीसीवर तिचं कुटुंब उघडलं, तर घर बांधून झालेलंच नव्हतं. फाइल दोन वर्षांपूर्वीची होती. जुना पीसी अजून फॉरमॅट केला नव्हता, म्हणून वाचलो. कॉपी करण्याआधी सेव्हच्या फाइलची तारीख बघा. शेवटचं खेळलात त्या दिवसाची नसेल, तर दुसरं डॉक्युमेंट्स उघडा.

जुना गेम फोल्डर लगेच डिलीट करणं. नव्या ॲपमधून गेम एकदा नीट चालू होईपर्यंत तो राहू द्या. गेम अडखळला तर आधी ॲपमधलं रिपेअर चालवा.

मॉड्स गेले असं समजणं. अपडेटनंतर सिम्स ४ मॉड्स आपोआप बंद करतो. गेमच्या पर्यायांत जाऊन ते पुन्हा चालू करा आणि गेम रीस्टार्ट करा. सेव्हच उघडत नसेल, तर सेव्हच्या फोल्डरमध्ये त्याच नावापुढे 'व्हर०', 'व्हर१' अशी शेपटी असलेल्या जुन्या प्रती सापडतील. मूळ फाइल बाजूला ठेवा, अलीकडच्या प्रतीची शेपटी काढा आणि गेम उघडून बघा.