रेल्वे स्थानकावरचे कष्टकरी जीवन कॅमेऱ्यात टिपताना

गर्दीच्या रेल्वे स्थानकावर कॅमेरा घेऊन गेलेला नवखा छायाचित्रकार बहुधा आधी गाडीकडेच वळतो. वळणावरून येणारे इंजिन, डब्यांची लांबच लांब रांग, खिडकीतले चेहरे अशी ही छायाचित्रे वाईट नसतात, पण स्थानक कसे चालते ते त्यांतून कळत नाही. ते दाखवायचे असेल, तर गाडी सुटल्यानंतरच्या आणि पुढची गाडी येण्यापूर्वीच्या वेळेकडे आणि त्या वेळेत राबणाऱ्या माणसांकडे लक्ष द्यावे लागते.

सर्वप्रथम स्थानकाच्या कार्यालयात जाऊन परवानगीची चौकशी करावी. छायाचित्रणाचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. कुठे हौशी छायाचित्रणाला मुभा असते, कुठे लेखी परवाना लागतो, आणि ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, तर वाटेत अडथळा होतो म्हणून अनेक ठिकाणी वर्ज्यच असतो. फलाटाच्या कडेची रेषा ओलांडू नये आणि कॅमेऱ्यात पाहत मागे सरकू नये. विजेवर चालणाऱ्या अनेक मार्गांवर डोक्यावरच्या तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो आणि त्याचा झटका बसायला तारेला स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. म्हणून उंचावरून दृश्य मिळावे यासाठी काठीला कॅमेरा लावून ती वर धरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फ्लॅश पूर्णपणे बंद ठेवावा, कारण त्याने चालकाचे डोळे दिपतात. शिवाय कामगारांच्या जाकिटांवरील परावर्तक पट्ट्या फ्लॅशच्या उजेडात पांढऱ्याफेक चमकतात आणि माणसाचा चेहरा मागे पडतो.

स्थानकभर हिंडत राहण्यापेक्षा एखादी जागा निवडून तेथे बराच वेळ थांबणे माझ्या मते कितीतरी अधिक फलदायी ठरते. जिन्याचा पायथा, सामान ठेवण्याच्या खोलीचे दार, फलाटाचे टोक, पादचारी पुलाचा कठडा या जागा त्या दृष्टीने चांगल्या. काही वेळाने तेथील कामाचा क्रम ध्यानात येऊ लागतो: गाडी लागण्याआधी हमाल कोणत्या खांबाजवळ उभे राहतात, सफाई कामगार गर्दी ओसरताच कोणत्या टोकापासून झाडायला घेतात, पाळी बदलण्याची वेळ कोणती. हा क्रम कळला की घटनेच्या मागे धावावे लागत नाही; चौकट आधीच मनात जुळवून माणूस तिच्यात येण्याची वाट पाहता येते.

उजेडाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. छताखाली अंधार आणि छताबाहेर लख्ख ऊन असा मोठा फरक असल्याने कॅमेऱ्याचे उजेडाचे स्वयंचलित मापन हमखास फसते. अशा वेळी उजळ भागावर मापन करून सावली गडद होऊ द्यावी; छताच्या कडेशी उभ्या माणसावर एका बाजूने पडणारा उजेड त्याच्या अंगाचा बाक आणि हाताच्या शिरा आपोआप उठावदार करतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हे उत्तम साधते. दिव्यांच्या उजेडात मात्र वेगळी अडचण येते: ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर (उजेड आत घेणारा पडदा) फार थोडा वेळ उघडे राहिले, तर छायाचित्रात पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास ते बरेच कमी होतात. वीज ६० हर्ट्झची असेल तेथे १/६० किंवा १/१२० योग्य. गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकावरील अर्धवट अक्षरांवरही शटरचा वेग कमी करणे हाच उपाय आहे.

लेन्स २८ किंवा ३५ मिलिमीटरची पुरते. पूर्ण आकाराच्या (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर (म्हणजे तिचे छिद्र बरेच लहान) ठेवून ३ मीटरवर फोकस कायम केला, की साधारण २ ते ७ मीटरमधले सारे पुरेसे स्पष्ट येते आणि ऐन वेळी फोकस शोधण्यात क्षण निसटत नाही. चालणाऱ्या माणसासाठी १/२५० सेकंद, घाईने पळणाऱ्यासाठी १/५०० सेकंद पुरे. उलट गर्दीचा लोंढा दाखवायचा असेल, तर कॅमेरा खांबाला किंवा कठड्याला टेकवून १/८ किंवा १/४ सेकंद ठेवावा. वाहती गर्दी पुसट होते आणि तिच्या मधोमध स्थिर उभा असलेला तिकीट तपासनीस ठळकपणे उठून दिसतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. कोणत्याही श्रमात एक नेमका क्षण असतो आणि तो बहुधा आपल्याला वाटतो त्याच्या किंचित आधी येतो. हमालाचेच उदाहरण घेऊ. ओझे घेऊन चालताना तो सरावाच्या लयीत असतो आणि चेहऱ्यावर फारसे काही दिसत नाही. पण ओझे उचलण्यापूर्वी तो एक पाय पुढे रोवतो, मान ताठ करतो, श्वास रोखतो आणि बोटे पट्ट्याखाली सरकवून वजनाचा अंदाज घेतो. ते दोन-तीन सेकंद पाहावेत, तेही उभ्याने नव्हे, तर गुडघ्यावर बसून त्याच्या कमरेच्या उंचीवरून. चाके तपासणाऱ्याचेही तसेच. काही ठिकाणी चाकावर हातोडी मारून आवाजावरून दोष ओळखण्याची जुनी रीत आहे. धड चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. म्हणून हातोडीचा घाव टिपण्यापेक्षा घावानंतर कान देऊन थबकलेला माणूस टिपावा; त्याचे कौशल्य तेथे दिसते.

ही माणसे कामावर असतात, आपल्यासाठी उभी नसतात, याचे भान सतत ठेवले पाहिजे. डबे जोडणाऱ्या किंवा रुळांवर काम करणाऱ्या माणसाला हाक मारून त्याचे लक्ष वेधू नये. एका क्षणाच्या दुर्लक्षाने तेथे जीव जाऊ शकतो. काम संपल्यावर जवळ जाऊन आपण काय करतो आहोत ते सांगावे आणि काढलेले छायाचित्र दाखवावे. नको म्हटले, तर वाद न घालता ते त्यांच्यादेखत पुसून टाकावे. बाकावर झोपलेले, आजारी किंवा रडणारे लोक आणि एकटी मुले यांच्यावर कॅमेरा रोखू नये असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेत जॅक डेलानो यांनी १९४२-४३ मध्ये सरकारी प्रकल्पासाठी रेल्वे कामगारांची छायाचित्रे काढली. आयोवा राज्यातील क्लिंटन येथे इंजिने पुसणाऱ्या स्त्रियांचे त्यांनी टिपलेले छायाचित्र कामाचे नसून विश्रांतीच्या खोलीतील जेवणाचे आहे. श्रमाइतकीच त्या श्रमातली उसंतही टिपावी, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. त्यांच्या छायाचित्रांसोबत काम आणि ठिकाण यांची नोंद आहे, म्हणूनच ती आजही कामगारांच्या इतिहासाचे साधन म्हणून वापरता येतात. आपणही त्याच दिवशी वहीत काम, पाळी, फलाट आणि वापरलेले अवजार लिहून ठेवावे. नाव मात्र त्या व्यक्तीच्या संमतीनेच लिहावे. ज्यांची छायाचित्रे काढली, त्यांना पुढच्या खेपेस कागदावर छापलेली प्रत द्यावी, आणि त्यासाठी त्यांची कामाची पाळी केव्हा असते हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.