पीएम-किसानच्या वसुलीची नोटीस आली तर

नोटीस हाती पडली की लगेच पैसे भरायला धावू नका, आणि ती कपाटातही टाकू नका. मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहा, लिफाफा जपून ठेवा. पुढे मुदतीचा वाद झाला तर तोच कामी येतो.

आधी पासबुक भरून आणा. हप्ता २,००० रुपयांचा, वर्षाला तीन. नोटीस १४,००० मागत असेल तर सात नोंदी दिसायला हव्यात. पाचच दिसल्या, तर उरलेल्या ४,००० चा हिशेब तहसीलनं द्यायचा.

मग कारण वाचा. ‘आयकरदाता’ लिहिलं असेल तर थांबा. मागच्या कर-निर्धारण वर्षात आयकर भरला होता का, हा निकष आहे. रिटर्न भरलं होतं का, हा नाही. काटोल-कळमेश्वरच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरच्या कर्जासाठी शून्य कराचं रिटर्न भरलं, म्हणून तो अपात्र होत नाही. त्या वर्षाच्या रिटर्नची पोच आणि रिटर्न तपासून आयकर खात्यानं पाठवलेली कलम १४३(१) ची सूचना जोडा. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापून परत मिळाला असेल तर नुसता फॉर्म २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, देऊ नका; त्यात कापलेली रक्कमच आधी नजरेत भरते. नवरा-बायको दोघांच्याही खात्यात हप्ते येत असतील, तर मात्र भांडण्यात अर्थ नाही. दोघं आणि अज्ञान मुलं मिळून एकच कुटुंब. एकाचे परत करा, पावती घ्या.

उत्तर दोन प्रतींत लिहा. कोणते हप्ते, कोणत्या नोंदीवरून अपात्र, कोणत्या अधिकाऱ्यानं कोणत्या कलमाखाली ठरवलं, हे त्यात विचारा. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ बाधित माणसाला निर्णयाची कारणं द्यायला सांगतं. संगणकानं काढलेली यादी म्हणजे कारण नव्हे. ऑस्ट्रेलियात सरकारी मदत घेणाऱ्यांची वर्षाची कमाई संगणकानं २६ पंधरवड्यांत सारखी वाटून लाखो लोकांच्या नावावर देणं दाखवलं गेलं. ती पद्धत बेकायदा ठरली.

‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ यावर जाऊ नका. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्याच. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट.

उत्तर नाहीच आलं, तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज करा. मुदत ३० दिवस. तीही टळली की २० रुपयांचा स्टॅम्प, पहिलं अपील. ‘जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल’ असा तहसीलदाराचा आदेश निघाला, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील.

वकील परवडत नसेल तर नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात फुकट वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना तिथं उत्पन्नाची अट नाही. जाताना शिक्क्याची प्रत आणि पासबुक न्या, नुसती नोटीस नको.