खडा पडलेली अंगठी सराफाच्या हातात देण्याआधी

अंगठीतला खडा पडला की माणूस आधी झाडू घेतो आणि मग तडक सराफाचं दुकान गाठतो. दोन्हीची घाई नको. वॉरंटीचा सगळा वाद त्या रिकाम्या कोंदणावर ठरतो आणि ते एकदा कारागिराच्या चिमट्यात गेलं की काय बिघडलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

आधी खडा शोधा. खोलीतले दिवे मालवा, मोबाईलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवा; फरशीच्या सांध्यात अडकलेला खडासुद्धा लकाकतो. बेसिनमध्ये पडल्याची शंका असेल तर नळ अजिबात सोडू नका, खालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठणारा वाकडा पाइप, बादली धरून उघडा. व्हॅक्यूम क्लीनर लावायचाच तर नळीच्या तोंडावर जुना मोजा ताणून रबरबँड लावा.

नाही मिळाला, तर अंगठी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून बघा. ह्यांच्या अंगठीतला पुष्कराज पडला तेव्हा मी हेच केलं. खडा चार काट्यांवर, म्हणजे तो पकडून ठेवणाऱ्या धातूच्या बारीक नख्यांवर, बसवलेला होता. तीन काट्यांच्या आतल्या बाजूला खड्याची कड बसावी म्हणून कोरलेली खाच स्पष्ट दिसत होती. चौथा काटा आतून गुळगुळीत, त्याला खाचच नव्हती. म्हणजे तो खडा पहिल्या दिवसापासून तिघांच्याच भरवशावर होता. हा घडणीतला दोष, वापरातला नव्हे. याउलट काटा बाहेर वाकलेला आणि बाहेरून ओरखडलेला असेल तर अंगठी कुठेतरी आपटली आहे. टोकं झिजून पातळ झाली असतील तर ती वर्षानुवर्षांच्या वापराची झीज. अशा वेळी वॉरंटीसाठी भांडू नका, दुरुस्तीचा दर ठरवा. दोष घडणीतला दिसला तर मात्र मागे हटू नका. प्रत्येक काट्याचे जवळून फोटो आणि एक व्हिडिओ काढा, ओळखीच्या दुसऱ्या कारागिराला दाखवून त्याचं मत कागदावर घ्या.

मग बिल काढा. सोन्याचं आणि खड्याचं वजन वेगळं लिहिलंय का बघा. रत्तीवर जाऊ नका, ती दुकानागणिक बदलते. खड्याच्या वजनाचं कॅरेट सगळीकडे 200 मिलिग्रॅमच. अंगठीवरचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा दागिन्याचा ओळख क्रमांक फक्त सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो, खड्याबद्दल नाही. खड्याची ओळख लॅबच्या प्रमाणपत्रात असते, तेही सोबत ठेवा. वॉरंटी कार्डाची मागची बाजू शब्द न् शब्द वाचा. दर सहा महिन्यांनी तपासणीची अट असेल तर तपासणीच्या नोंदी लागतील.

दुकानात आम्हाला ऐकवलं गेलं, "वहिनी, खडा पडला म्हणजे कुठेतरी आपटली असणार. हरवलेला खडा वॉरंटीत येत नाही." मी फोटो पुढे ठेवला आणि एवढंच म्हटलं, "खडा कसा हरवला ते नंतर बोलू. या काट्याला खाच का नाही, ते लिहून द्या." आवाज चढवायची गरज नसते, पण लेखी उत्तराचा आग्रह सोडू नका. अंगठी तपासणीला ठेवायची झाली तर पावतीवर वजन, उरलेले खडे आणि "दुरुस्ती करायची नाही, फक्त तपासणी" हे शब्द लिहून घ्या. माझ्या मते सगळ्या कागदांत हीच पावती सर्वांत मोलाची.

लेखी नकार मिळाला किंवा नुसतीच टोलवाटोलवी चालली, तर फोटो जोडून स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि उत्तरासाठी मुदत द्या. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेच दुकानदार इथेच बोलायला तयार होतात. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, तीही तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मालासाठी तुम्ही दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. खड्याची किंमत, घडणावळ आणि मनस्तापाची भरपाई वेगवेगळी मागा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा बिलावरचा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही. तो दाखवून कुणी गप्प बसवू लागलं तर बसू नका.

आमचं पत्र गेल्यावर दुकानाने तेवढ्याच वजनाचा पुष्कराज बसवून द्यायचं मान्य केलं. तरी नव्या खड्याचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय आम्ही पोच सही केली नाही. अंगठी परत घेताना काउंटरवरच दोन गोष्टी करा. कानाजवळ धरून नखाने टिचकी मारा, खडा हलला तर बारीक खुळखुळ येते. आणि लोकरीचा तुकडा काट्यांवरून फिरवा. धागा अडकला तर काटा नीट दाबलेला नाही, तिथल्या तिथे परत द्या.